लाल कुलूप आणि खिळ्यावरची चावी

मी एक लाल कुलूप आहे आणि हे सांगतानाही घाबरलेलो आहे. कुलपाला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. तिजोरीवरचं कुलूप चोराला भीत असेल. माझ्यामागे तिजोरी नाही. माझ्यामागे एक मुलगी आहे. यंत्राच्या पोटात, गुडघ्यांवर बसून ती पात्यांवरचा वाळलेला रंग खरवडते आहे.

माझ्यासारखी लाल भावंडं ढीगभर जन्माला आली. फरक एवढाच की प्रत्येकाची चावी निराळी, आणि तीही एकच. दुसरी चावी मुद्दामच करत नाहीत.

या रंगाच्या कारखान्यात शिकाऊ मुलं पहिल्यांदा आली, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी एकेक कुलूप प्रत्येकाच्या हातात दिलं. "यंत्रात शिरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं आणि चावी आपल्या खिशात. खिशात म्हणजे खिशात! कुलूप दिसलं की सगळ्यांना कळतं, आत माणूस आहे."

मी जिच्या वाट्याला आलो, तिच्या तळहाताला घाम सुटला होता. तिने मला इतकं घट्ट धरलं, की तिची भीती माझ्यात उतरली. ती अजून गेलेली नाही.

पट्ट्याला अडकवून ती मला घरीही न्यायची. तिथे तिचे काका रोज एकच सूर लावत.

"पगार देऊन कुणी इंजिनिअर करतं का गं? तू कॉलेजला जातेस की कामाला?"

"दोन्हीकडे, काका. चार दिवस कारखाना, दोन दिवस कॉलेज. शेवटी डिग्री इतरांसारखीच मिळते."

"म्हणजे ना धड इकडची, ना तिकडची!"

"इकडचीही आणि तिकडचीही," ती फणकारायची. आई मात्र लेकीचा हात हातात घ्यायची. तिच्या बोटांना चिकटलेला रंग तेल लावून काढत बसायची आणि एकेक बोट दाबून बघायची.

खरी परीक्षा रंग घोटायच्या विभागात होती. तिथे माणूस बसेल एवढं पोलादी पिंप, तळाशी फिरणारी पाती. आत शिरायचं दार पलीकडे, स्विच अलीकडच्या भिंतीवर. स्विचपाशी उभ्या माणसाला आतलं काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त मी.

विभागाच्या फोरमनला सगळे पाठीमागे घाईमामा म्हणत. तोंडावर नुसतं मामा. पहिल्याच दिवशी त्यांनी स्विचशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. खिळ्यावर चाव्यांचा घोस लटकत होता.

"चावी इथे लावायची."

"पण मामा, बाई म्हणाल्या खिशात..."

"बाईंना काय, त्या वर्गात बसतात! कुणी चावी घेऊन घरी गेलं, तर यंत्र काय मी ओवाळू? इतकी वर्षं चाव्या इथेच आहेत. कुणाला काही झालं नाही. आणि तुझ्या वर्षाच्या कामावर सही माझी लागते, लक्षात आहे ना?"

मोठ्या माणसांची ही खोड मला कळत नाही. आजवर झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असं ते बिनधास्त धरून चालतात. वर त्यालाच अनुभव म्हणतात.

तिने चावी खिळ्यावर लावली. सही नाही, तर वर्ष नाही. वर्ष नाही, तर डिग्री नाही. ती आत गेली आणि मी थरथरत राहिलो. माझी चावी माझ्याच कानाशी लटकत होती. मग मी कशाचा राखणदार? नुसता लाल रंगाचा देखावा! बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

दुसऱ्या दिवशी तिने घरून एक चावी आणली. तिच्या जुन्या पेटीची, माझ्या चावीसारखीच दिसणारी. ती खिळ्यावर लावली आणि माझी चावी बुटात, मोज्याच्या आत सरकवली. चालताना ती टोचत असणार.

असे बरेच दिवस गेले. मग एक दिवस माल न्यायला गाडी येऊन उभी राहिली. ती आत होती. घाईमामा तरातरा आले.

"पिंप बंद का? कुलूप तसंच सोडून जेवायला गेली वाटतं!"

त्यांनी हाक मारली नाही. वाकूनही पाहिलं नाही. खिळ्यावरची चावी ओढली आणि माझ्यात घातली.

ती निम्मीच शिरली. त्यांनी पिळली, ठोकली, शिवी हासडली, पुन्हा पिळली. माझा जीव त्या एवढ्याशा भोकात गोळा झाला होता. तेवढ्यात पिंपातून घुमणारा आवाज आला.

"मामा! मी आत आहे! आत आहे मी!"

चावी त्यांच्या हातातून पडली.

ती बाहेर आली. नजर खाली नव्हती. मामांच्या कपाळावर घाम होता, आणि घाम आलेला माणूस आधी ओरडतो.

"खोटी चावी लावतेस? मला फसवतेस?"

"खरी लावली असती तर आज कुणाला ओरडला असता, मामा?"

ते पाठ फिरवून तरातरा निघून गेले. ती तिथेच जमिनीवर बसली आणि मला दोन्ही हातांत धरून रडली. मरणाची भीती नंतर आली, आधी म्हणाली, "आता सही गेली."

ती सही अजून झालेली नाही. वर्ष संपत आलंय. आणि आज ती पुन्हा आत आहे, बाहेर मालाची गाडीही येऊन उभी आहे.

थांबा. बूट वाजताहेत. ही चाल मी ओळखतो. ते माझ्यासमोर उभे राहिलेत. हात पुढे येतोय. त्यांनी मला धरलं, एक हिसका दिला. मी घट्ट आहे. आता ते पिंपाला वळसा घालून दाराकडे निघालेत.

"पोरी, आत आहेस का?"

"आहे, मामा!"

"चावी?"

"माझ्याजवळ!"

बुटाची टाच एकदा जमिनीवर घासली. मग, "असू दे. सावकाश आवर. गाडी थांबेल."

सहीचं ते बोलले नाहीत. खिळाही तिथेच आहे, त्यावर इतरांच्या चाव्याही. म्हणून माझी भीती जात नाही. तुम्ही कधी या वाटेने आलात, कितीही घाईत असलात, तरी एवढं करा. आधी आत हाक मारा. आणि ती स्वतः बाहेर येईपर्यंत मला उघडू नका.