ट्रॅक्टरचं टोपरं

मी एक जुना ट्रॅक्टर आहे, मित्रांनो, आणि सोलापूरच्या काळ्या मातीसाठी मला कुणी घडवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे घडलं त्यात माझा दोष किती आणि माणसांचा किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला ते अजून नीट ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातला. तिथली शेतं उताराची आणि निसरडी. ट्रॅक्टर उलटून त्याखाली माणसं सापडायची, म्हणून तिथल्या लोकांनी नियमच केला होता, की भक्कम केबिन असल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत एका केबिनीवर लोंबत्या अवजड लोखंडाचे टोले घातले होते. काचांचा चुरा झाला, पण खांब उभेच राहिले. तसलीच केबिन माझ्यावर बसवली. तिला दार होतं, काचा होत्या आणि थंडीत माणसाला ऊब मिळावी म्हणून गरम हवेची पेटीही होती. ती केबिन कशासाठी आहे हे मला तेव्हापासून ठाऊक होतं.

पुढं एका कंपनीनं बंदराच्या कामासाठी मला मुंबईला आणलं. काम संपलं तशी तिची सगळी यंत्रं लिलावात निघाली. सोलापूरच्या एका दलालानं मला उचललं, गंज खरवडला, वर लालभडक रंग फासला आणि रस्त्याकडेला उभं केलं. माझ्याविषयी त्याला त्या रंगापलीकडं काही ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं ते दुधनीच्या गुरुलिंगांनी. त्यांचं आडतीचं दुकान होतं आणि गावाबाहेर चांगली जमीन होती. बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्यावाचून त्यांची बैलं गेली होती. नव्या ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघत बसावं लागे आणि गुरुलिंगांना वाट बघणं कधी जमलं नाही. त्यांनी माझ्या टायरवर एक लाथ मारली आणि दलालाला एवढंच विचारलं, "ओढंल का?"

"हत्तीवानी ओढंल, सावकार."

झाला व्यवहार. माझ्यावरची कुठली वस्तू कशासाठी आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

दुधनीला मला चालवत नेलं शिवपुत्रानं. हा गुरुलिंगांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा, गौरम्माचा, धाकटा भाऊ. यंत्राचा वेडा. वैशाखातलं ऊन, त्यात ती गरम हवेची पेटी कुणी केव्हा चालू करून ठेवली होती देव जाणे, बंदच होईना. घरासमोर दार उघडून तो उतरला तेव्हा घामानं निथळत होता. गौरम्मा आरतीचं ताट घेऊन आली आणि मला बघून हसायलाच लागली.

"अगं बाई, ह्याला तर टोपरं घातलंय की. आनि आत आमच्या शिवूला उकडून काढलंय."

"अक्का, चुलीम्होरं बसल्यावानी हाय बग आत," शिवपुत्र म्हणाला. तेव्हापासून माझ्या केबिनीचं नाव टोपरं पडलं.

महिन्याभरात कारहुणवी आली. आमच्या त्या सीमेवरच्या गावांचा हा बैलांचा सण. वेशीत कडुलिंबाच्या पाल्याचा दोर आडवा बांधतात, त्याला करी म्हणतात. सजवलेली बैलं पळत येतात आणि ती करी तोडतात. ज्याच्या बैलानं तोडली त्याचं नाव वर्षभर गावात चालतं. त्या साली गावात बैलंच थोडी उरलेली. गुरुलिंगांच्या मनात आलं, यंदा करी आपला ट्रॅक्टर तोडणार आणि वर आपण बसणार. पण धुळीनं माखलेल्या काचांमागं बसलेला माणूस कुणाला दिसणार?

म्हणून मला पुन्हा सोलापूरला, शुक्रवार पेठेत रज्जाक मिस्त्रीच्या दारात नेलं. रज्जाकनं सगळं बघितलं.

"गरम हवेची नळी बंद करतो, सावकार. वर दोन बाजूच्या काचा काढतो. वारा खेळंल. आता घटकाभरात हुतंय."

"नळीचं न्हाय. समदं टोपरंच काढ."

"ऱ्हाऊ द्या की दाजी," शिवपुत्र म्हणाला. "पावसात बरं हाय."

"पावसाला भितूस व्हय रं?" गुरुलिंगांनी त्याला गप्प केलं.

रज्जाक खांब कापायला लागला. जुना माणूस, हात सराईत, तरी त्याला घाम फुटला. मधेच थांबून म्हणाला, "लोखंड लई तगडं हाय. निसतं सावलीसाठी एवढं कोन लावतंय?"

"त्या लोकांची श्रीमंती. काप तू."

रज्जाकनं खांदे उडवले आणि कापलं. मित्रांनो, मला बोलता येत नाही, हे खरंच आहे. पण टोपरं उतरलं तेव्हा अंगाला वारा लागला, हलकं हलकं वाटलं आणि मला ते आवडलं. हे मला अजून टोचतं.

कारहुणवीला माझ्या चाकांना गेरू लावला, बॉनेटवर घुंगरांची माळ बांधली. गुरुलिंग पांढराशुभ्र पटका बांधून वर बसले. वाजंत्री वाजली, मी वेशीतून सुसाट गेलो आणि करी तटकन तुटली. सगळ्या गावानं त्यांना पाहिलं. बायकांनी मला ओवाळलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा दिवस होता आणि त्याची आठवण काढायची मला लाज वाटते.

त्यानंतर मी मन लावून राबलो. काळी माती ओली झाली की चाकं गिळायची आणि सुकली की दगड व्हायची, पण मी नांगर सोडला नाही. माझा सुटा भाग कुठंच मिळत नसे. काही मोडलं की शिवपुत्र ते फडक्यात गुंडाळून रज्जाककडं न्यायचा आणि तो तसलाच दुसरा घडवून द्यायचा. रोज सकाळी शिवपुत्र माझी धूळ पुसायचा आणि दिवसभर माझ्याशी बोलायचा. कानडीत सुरुवात करायचा, मराठीत संपवायचा.

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस ते घडलं. आम्ही रानातून परतत होतो. भरदुपार होती, घाई नव्हती, शिवपुत्राची काही चूक नव्हती. ओढ्याच्या काठानं नेहमीची वाट होती. पावसानं ती आतून पोखरली होती. माझ्या एका बाजूच्या चाकांखालची दरड ढासळली आणि मी कुशीवर गेलो. केबिन असती तर मी तिच्यावर टेकलो असतो आणि तो आत सुखरूप राहिला असता. ती नव्हती. तो खाली पडला आणि माझं सगळं ओझं त्याच्या डाव्या पायावर आलं.

आसपासच्या रानातली माणसं धावली, मला उचकटून त्याला काढलं. सोलापूरच्या दवाखान्यात जीव वाचला, पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

घरात सगळे म्हणाले, नशीब. गुरुलिंगही म्हणाले, नशीब. पण ते म्हणताना त्यांची नजर परसात जायची. तिथं सोलापूरहून परत आणून टाकलेलं माझं टोपरं पडलं होतं आणि त्यात कोंबड्या बसायच्या.

शिवपुत्र कुबडीवर चालायला लागला तेव्हा गुरुलिंगांनीच ते टोपरं बाहेर काढलं, धुतलं, रंगवलं आणि बाजाराच्या रस्त्याला चिंचेखाली चार खड्डे खणून रोवलं. आत फळ्या ठोकल्या. अशी शिवपुत्राची पानपट्टी झाली. मला तिच्याशेजारीच आणून उभं केलं. दुसऱ्या कुणी चालवायला मागितला तर गुरुलिंग म्हणायचे, डिझेल लई पितो. माझ्या घुंगरांना गंज चढला, टायर बसले, सीटवर चिमण्यांची शीट साचली. मी तक्रार करत नाही. रोज मला माझं टोपरं आणि त्यातला तो एका पायाचा माणूस दिसे, तीच मला शिक्षा पुष्कळ होती. तो मात्र हसून पान लावायचा आणि येताजाता माझ्या बॉनेटवर हात ठेवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात वळवाचं वादळ आलं. चिंचेची एक फांदी, चांगली खोडाएवढी जाड, कडाडून तुटली. शेजारचं सायकलवाल्याचं पत्र्याचं दुकान नशिबानं बंद होतं, ते भुईसपाट झालं. तीच फांदी पानपट्टीवरही पडली आणि पानपट्टीत शिवपुत्र होता.

गुरुलिंग अनवाणी पळत आले. "शिवू, ए शिवू," एवढंच तोंडातून निघत होतं. पाल्यातून आवाज आला, "दाजी, काय झालं न्हाय मला. काचा तेवढ्या फुटल्या."

माणसांनी फांदी ओढून काढली. काचांचा चुरा झाला होता, पण खांब उभेच होते. ते मी दुसऱ्यांदा पाहत होतो. गुरुलिंगांनी एका खांबावरून हात फिरवला. बुडाशी माती सरकून रज्जाकनं कापल्याची खूण उघडी पडली होती, तिथं त्यांचा हात थांबला. मग ते तसेच चिखलात खाली बसले. कुणी काही समजावून सांगायची गरज राहिली नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी तो रस्ता सोडला. पान हवं झालं तर गौरम्माला पाठवायचे. शिवपुत्रानं एकदा तिला विचारलंही, "दाजी रुसलेत का माज्यावर?"

"तुज्यावर न्हाय रं," ती म्हणाली. ती काय समजायचं ते समजली होती.

शेवटी त्यांनी मला विकायचं काढलं. जेऊरचे हिंदुराव म्हणून एक शेतकरी रेल्वेनं आले. त्यांनी माझ्या टायरवर लाथ मारली आणि विचारलं, "ओढंल का?"

"ओढंल," गुरुलिंग म्हणाले.

"बास झालं मग. धाकटा भाऊ चालवील माझा. लगीन हाय त्याचं फुडल्या महिन्यात, नवरदेवाला ह्यावरच मिरवू की."

गुरुलिंग माझ्यापासून दोन पावलं मागं सरले. व्यवहार ठरला होता, फक्त पानसुपारी व्हायची राहिली होती. दुसरी पानपट्टी दूर होती, पाहुणे उन्हात उभे होते. गुरुलिंग खाली मान घालून इतक्या महिन्यांनी शिवपुत्रापुढं आले.

"दोन पानं लाव."

शिवपुत्रानं पानावर चुना लावला, मग थांबला. "दाजी, टोपऱ्याचं सांगितलं का त्यास्नी?"

गुरुलिंगांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मग पान न्हाय द्यायचो मी," तो शांतपणे म्हणाला.

हिंदुराव एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होते. गुरुलिंग त्यांच्याकडं वळले. "पाव्हणं," ते म्हणाले, "ह्या ट्रॅक्टरला टोपरं हुतं. उलटला तर मानूस वाचावा म्हनून. म्या कापलं. कारहुणवीला लोकांनी मला बघावं, एवढ्यासाठी कापलं. ते असतं तर ह्याचा पाय असता."

बाजारातली माणसं उभी राहिली होती. शिवपुत्रानं फळीवरची काताची बरणी उचलली आणि गुरुलिंगांच्या हातात दिली. मग सुपारीचा डबा दिला.

"हे काय?" गुरुलिंगांनी विचारलं.

"रिकामं करायला नको व्हय? हे टोपरं ट्रॅक्टरचं हाय. ह्याच्याबिगर त्यो जेऊरला जायचा न्हाय."

"आनि तुजं दुकान?"

"पत्र्याचं बी हुतंय."

"पत्र्याचं न्हाय," गुरुलिंग म्हणाले. "दगडाचं बांदतो. म्या सोता बांदतो." आणि गावातले ते सावकार रडत रडत एकेक बरणी चिंचेखाली मांडू लागले.

दोन दिवसांनी रज्जाक आला. खांबांच्या सांध्यांना त्यानं आतबाहेर जाड पट्ट्या लावल्या, एकेक सांधा हातोडीनं ठोकून बघितला. टोपरं माझ्यावर चढलं तेव्हा मला ते जड वाटलं आणि ते जडपण बरं वाटलं. मग शिवपुत्रानं पानं लावून दिली.

आता मी जेऊरला असतो. मित्रांनो, परक्या मुलखातली वस्तू घरी आणाल तेव्हा ती किती ओढते एवढंच विचारू नका. तिच्यावरचं काही काढून टाकण्याआधी, ते कुणासाठी बसवलंय हेही विचारा. तिला उत्तर देता येत नाही, म्हणून ते तुम्हालाच शोधावं लागतं.

माझ्या उजव्या खांबावर आतल्या बाजूनं चुन्याच्या बोटांचे ठसे आहेत. पान लावून शिवपुत्र तिथंच बोट पुसायचा. हिंदुरावांचा भाऊ पहिल्याच दिवशी ओलं फडकं घेऊन ते घासायला लागला.

"कुनाची बोटं हायती ही?" त्यानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे ती," हिंदुराव म्हणाले. "त्यानं त्याचं दुकान तुज्या डोक्यावर ठेवलंय."