तुम्हां म्हणायचा अधिकार

अर्जुनने दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि आशीर्वादाच्या शेवटी म्हणाला, "...आपणां सर्वांबरोबर असो."

खाली घातलेली मान मी झटकन वर केली. बाकीचे लोक 'आमेन' म्हणून उठायलाही लागले होते. कुणाच्या काही लक्षात आलेलं दिसत नव्हतं. माझ्या आलं होतं, आणि मला इतका आनंद झाला की तो लपवायला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीची रीत ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रविवारची उपासना कुणीही वडीलधारा चालवू शकतो, उपदेशही करू शकतो. पण आशीर्वाद द्यायचा अधिकार फक्त दीक्षा झालेल्या पाळकाचा, म्हणजे पाद्रीचा. तो हात वर करून 'तुम्हां सर्वांबरोबर असो' म्हणतो. ज्याची दीक्षा झालेली नाही त्याने हात जोडून, स्वतःला त्यात धरून, 'आपणां' म्हणायचं. म्हणजे तो देत नाही, सगळ्यांबरोबर उभा राहून मागतो.

दापोडीला रेल्वेलाइनीच्या अलीकडे आमचं पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. पत्रे मीच ठोकलेत. एस. टी.च्या वर्कशॉपात माझं कामच ते. तिथे आठ वर्षं दर रविवारी मी हात जोडून 'आपणां' म्हणत आलो. आणि हा अर्जुन, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, चार वर्षं कॉलेजात बायबल आणि धर्मशास्त्र शिकला, बी. डी. झाला, सत्तावन सालच्या मे महिन्यात त्याची दीक्षा झाली, आणि आमचा पाळक म्हणून पहिल्याच रविवारी हात वर करून म्हणाला काय, तर 'आपणां'. बायबलाची मूळ ग्रीक आली, इब्री आली, आणि एक मराठी शब्द जागेवर येईना.

पोटात दुखत होतं माझ्या, हे कबूल करतो. नगरकडच्या आमच्या गावी त्याला वाचायला मीच शिकवलं होतं. घरात बायबल सोडून दुसरं पुस्तक नव्हतं. जोडाक्षराशी अडला की तो मान वर करून माझ्याकडे बघायचा, मी आवाज न करता ओठ हलवायचो, आणि त्याला बरोबर कळायचं. पुढे मंडळीतून एकाला कॉलेजात पाठवायचं ठरलं तेव्हा आधी माझंच नाव निघालं होतं. पण मॅट्रिक पाहिजे, इंग्रजी पाहिजे, वय तिशीच्या आत पाहिजे. मी मराठी सातवी. मग अर्जुनचं नाव पुढे आलं आणि त्याच्या शिफारशीची चिठ्ठी मी माझ्या अक्षरात लिहून दिली. ती चिठ्ठी लिहिताना दोनदा शाई सांडली, ती काही चुकून नव्हे.

आता त्याचं पदवीचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत आमच्याच भिंतीवर आलं होतं. माझा वर्कशॉपचा शर्ट अडकवायच्या खिळ्यावर.

त्या दुपारी जेवताना अर्जुनने हळूच विचारलं, "दाजी, आज माझं काही चुकलं का?"

"उपदेश लांबला. ग्रीक कुणाला कळतंय इथं?"

"आणि शेवटी?"

मी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. "शेवटी काय? ठीक होतं."

छबूने, म्हणजे माझ्या बायकोने, तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं.

मी काय करत होतो हे मला चांगलं माहीत होतं. पुढच्या रविवारी पुण्याहून रेव्हरंड रंगराव थोरात येणार होते. अर्जुनला दापोडीला कायम ठेवायचं, की आणखी दोन वर्षं कुणाच्या हाताखाली दुसरीकडे पाठवायचं, हे त्यांच्या शब्दावर ठरणार होतं. माणूस भारी काटेकोर. त्यांच्यासमोर पोरगा पुन्हा चुकला असता तर त्याची रवानगी ठरलेली, आणि मी पुन्हा पुढे उभा. मला काही करायचंही नव्हतं. गप्प राहायचं होतं फक्त.

तो आठवडा माझा मजेत गेला. वर्कशॉपात माझ्याबरोबर पत्रा धरायला फारूक असायचा. तो म्हणाला, "काय उद्धवराव, मेहुणा पाळक झाला तेव्हा तोंड पाडून होतात, आणि आता गाणं गुणगुणताय?"

"पत्रा नीट धर," मी म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी नेहमीसारखा प्रार्थनाघर झाडायला गेलो. झाडून झालं. मग पुढे जाऊन उभा राहिलो, रिकाम्या बाकांकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले. हे मी कित्येक वर्षं करत आलो होतो. कोपर किती वाकवायचं, तळवे कसे धरायचे, 'तुम्हां' म्हणताना आवाज कुठे चढवायचा, सगळं मला येत होतं. कॉलेजात शिकवत नसतील इतकं चांगलं येत होतं. म्हटलं, आणि हात खाली घेतले, तर दारात छबू पाण्याची बादली घेऊन उभी.

"कधी आलीस?"

"मी दर शनवारी येत्ये. तुमचं हुईस्तवर भाईर थांबत्ये, मग फरशी पुसाया आत येत्ये."

मी झाडू पुन्हा हातात घेतला. "कधीपासून?"

"सा वरसं तरी झाली. कुनाला बोलले न्हाई." तिने बादली खाली ठेवली. "अर्जुन चुकला त्ये मला बी कळलं. तुमाला तर कळलंच आसंल."

"मग तू का नाही सांगितलंस त्याला?"

"त्यो मला इचारत न्हवता. तुमाला इचारत व्हता."

ती फडकं पिळून फरशी पुसायला लागली. मी घरी गेलो. अर्जुन दिव्यापाशी उपदेश लिहीत बसला होता. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

रविवारी रंगराव थोरात पुढच्या खुर्चीत बसले. मी पहिल्या बाकावर. अर्जुन उपदेशाला उभा राहिला आणि मला आश्चर्य वाटलं. ग्रीक एक शब्द नाही. इब्री नाही. भाकरीबद्दल बोलला, पाळीवरून येणाऱ्या माणसाच्या भुकेबद्दल बोलला, वीस मिनिटांत संपवलं. म्हाताऱ्या बाया माना डोलावत होत्या. मी जेवताना टाकलेलं एक वाक्य त्याने आठवडाभर मनाशी धरलं होतं. याच्याइतकं चांगलं आपल्याला कधी जमलं नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि ते फार लागलं.

मग तो आशीर्वादाला उभा राहिला. हात वर केले. शब्द ओळीने येत गेले आणि त्या एका शब्दाशी तो थांबला. सगळ्यांच्या माना खाली होत्या. रंगरावांची वर झाली.

अर्जुनने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. जोडाक्षराशी अडल्यावर बघायचा, तसंच.

माझं तोंड सवयीने 'आ'साठी उघडलं होतं. आठ वर्षांची सवय. 'आपणां' आपसूक येत होतं, आणि त्याने ते उचललं असतं. मी तोंड मिटलं. ओठ पुढे काढले, आणि आवाज न करता त्याला सांगितलं.

"तुम्हां सर्वांबरोबर असो," अर्जुन म्हणाला. आवाज चढवायचा तिथेच चढवला.

मी मान खाली घातली. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला देत होतं आणि मी घेत होतो. माझं 'आमेन' सगळ्यांच्या मागून आलं.

नंतर दाराशी अर्जुन म्हणाला, "दाजी, शब्द येत होता मला. तुम्ही समोर बसलेले. तुम्हांला 'तुम्हां' कसं म्हणायचं?"

"म्हणायचं," मी म्हणालो. "आता तुझं कामच आहे ते."

अर्जुन दापोडीला कायम झाला. माझा हेवा गेला असं म्हणणार नाही. ते प्रमाणपत्र अजून डोळ्यांत खुपतं, आणि शर्ट मी आता दाराच्या कडीला अडकवतो.

शनिवारी झाडायला मीच जातो. झाडतो, बाकं सरळ करतो. छबू आता बाहेर थांबत नाही. बादली घेऊन सरळ आत येते.