तिसरा व्हॉल्व्ह

मामाच्या ॲम्प्लिफायरने महिन्यात दोन व्हॉल्व्ह खाल्ले आणि दोन्ही वेळा बोलणी मी खाल्ली. सोल्डरिंग माझ्या हातचं ना, म्हणून.

शाळा सोडून सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून मामाच्या टेबलावर बसून रेडिओ उघडते. कंटाळा येतो, पण वर्गाइतका नाही.

आता एकच व्हॉल्व्ह उरलाय. काचेचा, मुठीपेक्षा जरा मोठा. बनवणारे केव्हाच बनवायचे थांबले. हा गेला की मामाचा आवाज दूरच्या बेटावर पोचणार नाही. तिकडे त्याचा दोस्त आहे, आम्ही त्याला बेटोबा म्हणतो. सव्वीस वर्षं रोज पाच वाजता दोघं रेडिओवर बोलतात. एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही.

"लाव आता तिसरा," मामा म्हणाला. "आणि या वेळी नीट."

"कारण सापडल्याशिवाय लावणार नाही."

"काय?"

"नाही लावणार!"

"ओरडतेस कशाला?"

स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "तिचं काय चुकलं? मीसुद्धा आज चारदा हाक मारली. भिंतीने तरी ओ दिली असती."

मी प्लग काढला, थांबले, मग अर्थची तार बांधलेली काठी आतल्या कपॅसिटरला लावून साठलेली वीज उतरवली. तीन हजार व्होल्ट असतात आत. घाई केली की थेट वरचं तिकीट.

दोन्ही मेलेले व्हॉल्व्ह शेजारी ठेवले. चांगल्या व्हॉल्व्हच्या काचेला आतून चंदेरी डाग असतो. या दोघांचा पांढराफटक पडला होता, म्हणजे आत हवा शिरली. बुडाच्या पिना बघितल्या, तर त्यांच्यातलं सोल्डर वितळून ओघळलेलं. कारखान्यातलं सोल्डर, माझं नव्हे.

"हे बघ! बुडाला भाजलेत. माझा काय संबंध?"

मामाने भिंग लावून बघितलं. चूक झाली असं मात्र नाही म्हणाला.

बूड भाजतं म्हणजे खालून वारा कमी. पण ते गार ठेवणारा आतला पंखा तर फिरत होता, मी रोज बघत होते. तीच माझी चूक. फिरतोय म्हणजे ठीक, असं धरून बसले. आता एकट्या पंख्यालाच करंट दिला आणि त्याचा वारा वर नेणाऱ्या काचेच्या चिमणीवर कागदाचा कपटा धरला. उडायला हवा होता. नुसता डुलला, जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा.

पंख्याची वायर हाताने चाचपत गेले. मागच्या कोपऱ्यात काळ्या टेपखाली रेझिस्टर. पंखा हळू फिरावा म्हणून मुद्दाम घातलेला. वर मेणाच्या दोऱ्याची दुहेरी गाठ. या घरात अशी गाठ एकच माणूस मारतो.

माझं डोकंच फिरलं. "महिनाभर माझ्या नावाने शंख केलास! आणि हे तू स्वतः?"

मामाने चष्मा काढला. पुसत बसला. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

"पंख्याच्या आवाजात बेटोबा ऐकू येईना. म्हणून हळू केला. तरी येईना. मग एकदा पूर्ण बंद करून बघितला." तो थांबला. "पंख्याचा दोष नव्हता गं."

"मग रेझिस्टर काढायचास ना!"

"काढला असता तर दोष कानाचा, हे मलाच पटलं असतं."

मी खूप काही बोलणार होते. पण त्याच्या कानातून पांढरे केस आलेले दिसले, आणि मलाच थकल्यासारखं झालं.

"मग महिनाभर बोलत काय होतास त्याच्याशी?"

"अंदाजाने. तो हवा-पाण्याचंच तर बोलतो."

रेझिस्टर कापला, वायर जोडली, तिसरा व्हॉल्व्ह बसवला. झाकण लावून सुरू केलं. पंखा गिरणीसारखा घरघरला. मामी दारात आली. "हे असंच चालणार?"

"असंच," मी म्हटलं.

पाच वाजले. मामाने हेडफोन घातला, दोन मिनिटं डोळे मिटून बसला. मग काढून माझ्यापुढे धरला. "तू ऐक. बोलीन मी. तुझ्याकडे परवाना नाही."

खरखर होती. तिच्यामागून एक चिडका, बारीक आवाज.

"काय म्हणतोय?" मामाने विचारलं.

"म्हणतोय, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, भीती वाटते, असं त्याने मागच्या वेळी तुला सांगितलं. तर तू म्हणालास, वा, मजा आहे तुझी."

मामाचं तोंड उतरलं. मामीने पदर तोंडावर दाबला. रडायला नाही, हसायला.

झाकणाच्या जाळीआड व्हॉल्व्ह केशरी तापला होता, पण बूड गार असणार. मी जाळीवर हात ठेवून बघितलं, वारा सणसणीत येत होता. मग मामाने माइकचं बटण दाबलं.

"ऐक. मला ऐकू येत नाही रे. महिना झाला. आज भाची सांगतेय तू काय बोलतोस ते."

बटण सोडलं. माझ्याकडे बघत राहिला, निकाल लागायचा असल्यासारखा.

"शिव्या देतोय," मी म्हटलं.

"कोणत्या?"

"सगळ्या."

"सांग ना."

"मामी उभी आहे."

"मी जाते," मामी म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

बेटोबा थांबेना. हेडफोन कानाला रुतत होता, पाठ दुखत होती. मी एकेक शब्द मोठ्याने सांगत होते, आणि मामा मान डोलवत होता.