लांबचं ऐकणारा माइक

निवृत्तीनंतर मी पेटी शिकायला लागलो हे डोकमर्डीतल्या आमच्या इमारतीत कोणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. दुपारी खिडक्या लावून, पंखा मोठा करून मी हळूच भाता हलवायचो. वरच्या मजल्यावर चंदा राहते. धाग्याच्या कंपनीतली पहिली पाळी आटोपून ती त्याच सुमाराला घरी येते; तिची सासू चिमाबाई गॅलरीत बसलेली असते. दमून आलेल्या बाईला माझ्या चुकांचा त्रास कशाला?

पण विजयाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पोटात काही राहत नाही. मी चाली लावतो असं तिने तेजस्विनीला सांगून टाकलं. ही तेजस्विनी लहानपणी माझ्या ग्रंथालयात पुस्तकं न्यायला यायची, आता मराठी शाळेत शिकवते. तिने शाळेसाठी नवी प्रार्थना लिहिली होती. मी चाल लावली. मग ती म्हणाली, सर, येऊन मुलांना शिकवा. भरल्या वर्गासमोर बसायची कल्पनाच मला झेपेना. मी म्हटलं, घरीच रेकॉर्डिंग करून पाठवतो. तिने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर रेकॉर्डिंग मिळालं नाही, तर जुनीच प्रार्थना पुढे चालू राहणार होती. माझी चाल मुलांनी म्हणावी असं मला फार वाटत होतं. आणि ती म्हणताना आपण तिथे नसावं, असंही.

आता रेकॉर्डिंग म्हणजे माइक, माइक कॉम्प्युटरला जोडणारी एक छोटी डबी, हेडफोन आणि सॉफ्टवेअर. मला सवय वाचायची, म्हणून वाचत सुटलो. चार सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं पहिल्या पानापासून वाचली आणि शेवटी फुकटातलं, लाल गोल दाबला की सुरू होणारं, ते घेतलं. माइकवर मात्र गाडी अडली. आमलीतला नीलेश लग्नांना आणि गरब्याला साउंड पुरवतो. त्याला भीत भीत विचारलं. तो म्हणाला, माइक दोन जातींचे: एक जवळचंच ऐकतो, दुसरा लांबचंही. तुमच्या इमारतीत पहिला घ्या. हे मला पटलं होतं. पण घरी येऊन पुन्हा वाचायला बसलो, तर ज्याने त्याने दुसऱ्या जातीचंच कौतुक केलेलं. त्यात आवाज म्हणे फार नितळ येतो.

विजया म्हणाली, “लग्नाच्या वेळी इतक्या चौकश्या केल्या असत्यात, तर मी अजून कुडाळातच असते.”

मी दुसऱ्या जातीचा मागवला.

पहिल्याच दिवशी कळलं की पंख्याची घरघर त्यात पावसासारखी येते. पंखा बंद केला. मग उकाड्याने जीव जायला लागला, म्हणून नाइलाजाने खिडकी उघडली. लाल गोल दाबला, थोडा वेळ नुसताच बसलो आणि सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर बोट घसरलं. थांबलो, तळवे धोतराला पुसले, पुन्हा सुरू केलं. पण कडव्याच्या मध्यावर धीर सुटला आणि पेटी मिटली. लाल गोल बंद करायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी हेडफोन लावून ऐकलं. सुरुवातीला सगळी इमारत होती: वरचा नळ, भांडी, जिन्यातल्या चपला, पलीकडच्या कंपनीची घुमघुम. मी विजयाला म्हटलं, नीलेशचं खरं होतं, हा माइक परत करू. ती म्हणाली, अजून मुदत आहे, खोकं जपून ठेवलंय. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तरी चांगला तुकडा सापडतो का म्हणून पुन्हा ऐकायला बसलो. आता आवाज चित्रासारखा पडद्यावर दिसत होता. मी थांबलो होतो तिथे रेघ जवळजवळ सपाट होती. तेवढंच परत ऐकलं. कंपनीची घुमघुम होती, पण नळ नव्हता. भांडी नव्हती. मी सुरू करण्याआधी वरचा नळ भळभळत होता, आणि मी तळवे पुसत होतो तेव्हा वर कोणी काहीच करत नव्हतं. असेल योगायोग, असं मनाशी म्हटलं आणि शेवटाकडे गेलो. पेटी मिटल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग चिमाबाई, धुळ्याकडच्या आपल्या बोलीत, अगदी स्पष्ट:

“आज काकास्नी आर्धंच वाजाडं.”

आणि चंदा: “चुकनं व्हई. वाजाडतीन परत.”

त्यानंतर नळ सुरू झाला.

मी हेडफोन काढून विजयाला दिले. तिने ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं. म्हणाली, “त्यांना पूर्ण किती ते माहीत आहे की हो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकी उघडीच ठेवली. वर नळ चालू होता. मी लाल गोल दाबला, भाता उघडला आणि पहिला सूर धरून थांबलो. नळ बंद झाला. आज मध्येच पेटी मिटायला काही निमित्त नव्हतं. मी सगळी प्रार्थना वाजवली; एका जागी लय थोडी ओढली गेली, ती तशीच राहू दिली. शेवटचा सूर विरल्यावर वरून चिमाबाईचा आवाज आला, “आते पुरं व्हयनं.”

तिचं ते ‘आता पूर्ण झालं’ कापून टाकणं सोपं होतं. कसं कापायचं ते मी वाचलेलं होतं. कापलं नाही. रेकॉर्डिंग तेजस्विनीला तसंच पाठवलं, आणि खाली लिहिलं, मधल्या ओळीत मुलं अडतील, मी सोमवारी येऊन दाखवतो. मग ‘सोमवारी’ खोडून ‘सोयीने’ लिहिलं, आणि पुन्हा ‘सोमवारी’.

खोकं विजयाने रद्दीत दिलं.