ऊन दिलेली चिप

मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ आमच्या ह्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी भिंतीला पातळ टीव्ही लावले, तसं ते बंद पडलं आणि ह्यांनी एक खूळ घेतलं. चाळीस वर्षांपूर्वी मासिकात पाहिलेला, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर तेव्हा घेता आला नव्हता. आता भंगारातल्या चिपा आणून त्याची हुबेहूब नक्कल करायला बसले. जेवायला तीन हाका माराव्या लागत. डोक्याला नुसता ताप.

मूळ मशीनला मराठी येत नव्हतं. ह्यांनी चौकटीच्या वहीत एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं आणि आठ खटक्यांच्या डबीवरून, ठिपक्यांची एकेक ओळ करत, एका चिपेत भरलं. दीड वर्ष लागलं. तोवर मोतीबिंदू पिकला होता. पडद्यावरची स्वतःची अक्षरं ह्यांना धुरकटच दिसत.

"डोया झाला का दसऱ्याले चालू करतो," म्हणायचे. "नव्या डोयानं पयले आपले अक्षरं पायतो."

ऑपरेशनला हे अकोल्याला लेकीकडे दहा दिवस राहिले. मागे मी दसऱ्याचं घर झाडून काढलं. खंडेनवमीला हत्यारांसोबत पुजायचं म्हणून मशीनही झाडलं, एका चिपेवरची मळकी पट्टी खरवडली आणि गच्चीवर सोयाबीनशेजारी आठवडाभर ऊन दिलं.

दसऱ्याला ह्यांनी बटण दाबलं. अक्षरांच्या जागी नुसते पांढरे चौकोन आले.

ह्यांनी चिप निरखली. "पट्टी कोनं काढली?"

"मीनं. मळकी होती. काहून?"

"तिच्याखाली काच हाये. काचेतून ऊन गेलं का भरलेलं सारं पुसते."

रागावले असते तर बरं झालं असतं. चिप कागदात गुंडाळून पानावर येऊन बसले. मला जेवण गेलं नाही.

"वही हाये ना," मी म्हटलं. "मंग भरू पुन्हा."

"डाक्टरनं महिनाभर वाकू नोको म्हनलं."

"तुमी सांगा. मी खटके दाबतो."

चार वाजेपर्यंत एक 'अ' भरला. चिप बसवून मशीन चालू केलं. चौकोनांच्या गर्दीत तो एकटाच उभा होता. हे पुढे सरकून बराच वेळ पाहत राहिले.

"वाकडा हाये वं हा," म्हणाले. "मले तं सरळ वाटला होता."

वाकडा आहे हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. ह्या मशीनवरून मी ह्यांना नाही नाही ते बोलले, पण तेवढं एक कधी बोलले नव्हते.