अगसीचं पाणी

"कात्री आण, संगमेश. न्हाई तर केस कापाय वारकाला सांगावा धाड. माझ्यानं आता हे बघवत न्हाई."

सावित्रम्मानं नातीच्या केसांतून फणी ओढून काढली, तर फणीचे दोन दात केसांतच राहिले. मल्ली ओरडली नाही की रडली नाही. आजीच्या हातातून मान सोडवून घेतली आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. मागून कुणाचा हात डोक्याला लागू नये म्हणून ती हल्ली अशीच बसायची. पाच वर्षांचं लेकरू, पण बसणं एखाद्या म्हातारीसारखं.

संगमेश दुकानातून नुकताच आला होता. सीमाभागातल्या भालकीत कारखान्याच्या रस्त्याला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीतली तार सोडवायची, नवी भरायची, व्हार्निश पाजायचं, यातच त्याची पंधरा-सोळा वर्षं गेली. हाताचे काळे डाग आता धुतले तरी जात नसत.

"कानामागं हात लावून बघ," सावित्रम्मा म्हणाली. "जट व्हायलीय. उद्या कुणी देवीची जट म्हणून हात जोडले, की मग कापाय बी येईना अन् ठेवाय बी येईना. येळवशीच्या सणाला सगळी भावकी शेतात जेवाय जमंल. त्याच्या आधी डोस्कं साफ कर लेकराचं."

म्हातारीचं काही चुकत नव्हतं. दसऱ्याच्या आधी नेत्रावती गेली. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता दवाखान्यातून तिची मातीच घरी आली. उदगीरला थोरल्या लेकाकडं राहणारी सावित्रम्मा तेव्हापासून इथंच होती. मल्ली आजीच्या हातून जेवायची, अंगावरून पाणी घ्यायची. पण तांब्या डोक्याकडं वळला की अशी किंचाळायची, की शेजारची कमलबाई काय झालं म्हणून धावत यायची. गोडीनं सांगून झालं, दटावून झालं, एकदा दोघांनी धरूनही झालं. त्या दिवशी पोर थरथर कापायला लागली, तेव्हा संगमेशनंच तांब्या भिंतीवर फेकला होता.

आणि केस तरी कसे! जन्मली तेव्हाच मानेपर्यंत जावळ होतं. ते काढलं त्या दिवशी नेत्रावती डोळ्याला पदर लावून बसली होती. "ह्याच्या म्होरं माझ्या पोरीच्या डोस्क्याला कात्री लागू द्यायची न्हाई मी," असं तिनं तिथल्या तिथं सांगून टाकलं होतं. आता सांगणारी नव्हती, आणि कात्री मात्र दारात आली होती.

संगमेश पोरीसमोर उकिडवा बसला. "मल्ली, डोस्क्यावरून न्हायला कामून नको म्हणतीस ग? सांग की अप्पाला."

तिनं फरशीकडं बघितलं. मग म्हणाली, "आईचं अगसी पाहिजे."

"काय पाहिजे?"

"अगसी. अगसीनं न्हायचं."

इतक्या महिन्यांत पोरीनं तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट. संगमेशला एवढा आनंद झाला, की त्यानं दुसरं काही विचारलंच नाही. अगसी म्हणजे जुन्या गावाची वेस, ती दगडी कमान. भालकीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"बघ, मी म्हणत न्हवते?" सावित्रम्मा तर मांडी थोपटूनच बोलली. "तुमच्या नळाच्या पाण्यानं केस राठ होतेत. अगसीपाशी बोअर हाय न्हवं? गोडं पाणी असंल तिथलं. सून शहाणी होती, ती तिथूनच आणत असंल."

पटण्यासारखं होतं. संगमेशनं मोटारसायकलला कॅन बांधला, अगसीपाशी रांगेत उभा राहून भरला आणि पाणी तापवून बादलीत ओतलं. मल्ली आपणहून बाथरूममध्ये आली, पाटावर बसली. म्हातारीनं हात जोडले. पोरीनं बादलीत बोटं बुडवली, अंगठा बोटावर घासला, पुन्हा घासला.

"हे अगसी न्हाई," ती म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, हिला तिथंच जाऊन न्हायचं असंल. काय सांगावं, नेत्रावती कधी तिथल्या देवळात नेऊन हिच्या डोक्यावरून पाणी घालत असंल. त्यानं पोरीला गाडीवर पुढं बसवलं, बादली-तांब्या घेतला आणि कमानीखाली नेऊन उतरवलं. "ही बघ अगसी. इथं न्हायचं व्हय?"

मल्लीनं कमानीकडं वर बघितलं. म्हशी आत चालल्या होत्या, बोअरवरच्या बाया बघायला लागल्या होत्या. तिनं चारी बाजूंना नजर फिरवली आणि विचारलं, "आई हाय का इथं?"

"न्हाई, बाळा."

"मग कामून आणलास?"

संगमेशनं तिला पुन्हा गाडीवर बसवलं. रिकामी बादली हँडलला अडकवून तो घरी आला आणि आईला म्हणाला, "अव्वा, वारकाला सांग. उद्या ये म्हणाव." सावित्रम्मा एवढे दिवस याच शब्दाची वाट बघत होती, पण तो आला तेव्हा तिचं तोंड उतरलं.

केस काढल्यावर डोक्याला लावायला खोबरेल हवं म्हणून संध्याकाळी तो गुरुपादय्याच्या किराणा दुकानात गेला. त्याच्या पुढं एक खेड्यातली म्हातारी पिशवी धरून उभी होती.

"अण्णा, अर्ध किलो अगसी कोडरी," ती म्हणाली.

संगमेशनं मान वर केली. गुरुपादय्यानं पोत्यात माप घातलं आणि तपकिरी, चकचकीत जवस तागडीत ओतले.

"अण्णा," संगमेश पुढं सरकला, "ती काय मागायलीय?"

"अगसी. जवस रे. कानडीत अगसी म्हणतेत." गुरुपादय्या हसला. "अकरा वर्षं चिटगुप्पा गावच्या बायकोसंगं संसार केलास अन् एवढं बी कानडी शिकला न्हाईस व्हय? अरे, तुझी नेत्रावती तर..." आणि त्याचं त्यालाच कळलं. हसू आटलं. तागडीतले जवस त्यानं पिशवीत ओतले, म्हातारीला दिले आणि मग हळू बोलला, "ती इथूनच न्यायची. जवस अन् रिठे. पोरीला न्हायाला करते म्हणायची."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा असा! घरी फळीवर जवसाचा डबा होता. त्याच जवसाची चटणी तो रोज भाकरीवर घेऊन खात होता. संगमेशला कानडी येत नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाशी दराची घासाघीस करण्यापुरतं, रस्ता विचारण्यापुरतं, शिवी देण्यापुरतं येत होतं. घरातलं कानडी मात्र त्याला कधी लागलंच नाही. नेत्रावतीनं लग्नानंतर वर्षभरात मराठी उचललं, त्याच्याशी, सासूशी, शेजारणीशी मराठीतच बोलली. तिचं कानडी उरलं होतं ते फक्त रविवारी सकाळी, बाथरूमच्या पत्र्याच्या दारामागं. आत माय-लेकी काय काय बोलायच्या, हसायच्या, आणि बाहेर हा मोबाईल बघत पडलेला असायचा. एकदा उठून दाराशी जाऊन ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्याला आता वाटलं, आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले.

रिठे घेऊन तो घरी आला आणि चिटगुप्प्याला सासूला फोन लावला. ईरम्माचं मराठी मोडकंतोडकं, त्यात त्यानं विचारलं ते न्हाण्याचं.

"मीच शिकविले तिला," ती म्हणाली. "अगसी पाण्यात उकळायचं, जावयबापू. हलवत राहायचं. अंड्याचं पांढरं असतंय न्हवं, तसं व्हायला पाहिजे. मग गरम हाय तवरच फडक्यातून पिळायचं. रिठा भिजवून, बी काढून, उकळून घ्यायचं. पण लई थोडं. लई घातलं तर कण्ण उरी. डोळे जळतेत पोरीचे."

"अन् आणखी काय, आत्या?"

"आणखी काय न्हाई." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "हात मऊ ठेवा."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो गॅसपुढं उभा राहिला. पहिला घाणा फसला. हात भाजतोय म्हणून निवायला ठेवला, तर त्याचा असा चिकट गोळा झाला, की फडक्यातून थेंब पडेना. "सोड रे बाबा, ही बायामाणसांची कामं," सावित्रम्मा म्हणाली खरी, पण आपणच उठून फळीवरचा डबा पुन्हा त्याच्या हातात दिला आणि नेत्रावतीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा शोधून आणला. दुसऱ्या खेपेला संगमेशनं पळीतून धार सोडून बघितली. व्हार्निश किती दाट हवं हे तो असंच बघायचा. धार तुटेना, तेव्हा त्यानं पातेलं उतरवलं आणि वाफाळता गर फडक्यात घेऊन पिळला. बोटं पोळली. मोठ्या वाटीत पांढुरका, बुळबुळीत गर उतरला. त्यात चमचाभर रिठ्याचं पाणी आणि दोन थेंब खोबरेल घालून त्यानं घोटलं. थोडा फेस आला.

मल्ली स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नाही. तिनं वाटीत बोट घातलं, अंगठ्यावर घासलं. मग नाकाशी नेलं. बाथरूममध्ये गेली आणि पाटावर जाऊन बसली.

तेवढ्यात बाहेर वारीक पेटी घेऊन आला. "बस जरा," सावित्रम्मानं त्याला ओसरीवर बसवलं आणि दाराच्या आडोशाला उभी राहिली.

संगमेशनं गर केसांना चोळला. जळालेल्या मोटारीची तार सोडवताना ओढायची नसते, पदर बघून हळूहळू मोकळी करायची असते, एवढं त्याच्या बोटांना ठाऊक होतं. कानामागच्या गाठीत त्यानं थेंब थेंब गर सोडला आणि एकेक केस बाजूला काढत गेला. गर ओघळला की पुन्हा लावायचा. पोर हलली नाही. कितीतरी वेळानं गाठीतून फणीचे दोन दात निघून त्याच्या तळहातावर आले, आणि मग बाकीची गाठ आपोआप मोकळी झाली.

ओसरीवर सावित्रम्माचा आवाज आला, "जा बाबा तू. आज काम न्हाई. च्या घेऊन जा."

आता पाणी. संगमेशनं तांब्या भरला, उचलला. मल्लीचे खांदे वर आले, मूठ आवळली. ती टक्क डोळे उघडे ठेवून त्याच्याकडं बघत होती.

"डोळे मीट, बाळा."

तिनं मिटले नाहीत.

"डोळे मीट की. जळतेत मग."

तांब्या वरच्या वर राहिला. पत्र्याच्या दारामागून दर रविवारी ऐकू यायचं ते त्याला आठवायला लागलं. शब्द कानात होते, जीभ त्यांच्यावरून कधी गेली नव्हती. त्यानं घसा साफ केला आणि लाजत, चुकत म्हटलं, "कण्ण मुच्च, मल्ली. कण्ण मुच्च."

मल्लीनं डोळे मिटले.

त्यानं पाणी घातलं. एक तांब्या, मग दुसरा. पोरीच्या पाठीवरून पांढरा फेस वाहत मोरीत गेला. केस सुटून पाठीभर पसरले, कमरेला लागले. म्हातारी दाराआड हुंदका गिळत होती. शेवटचा तांब्या ओतून संगमेशनं पोरीच्या तोंडावरचं पाणी हातानं निपटलं.

मल्ली मात्र डोळे मिटूनच बसली होती.

"झालं, बाळा."

ती तशीच. पापण्यांवरून पाणी गळत होतं.

"झालं की ग. उघड."

"आई 'तेरी' म्हणती," मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली. "तू म्हण की, अप्पा. मग उघडायचं असतंय."

"तेरी," संगमेश म्हणाला. पुन्हा म्हणाला, "तेरी, मल्ली."

तिनं डोळे उघडले. आधी त्याच्या खांद्यावरून मागं, दाराकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"अप्पा, टावेल," ती म्हणाली.