खंडेनवमीची सुट्टी

मी माशांच्या टाकीवरचं झाकण. नुसतं झाकण समजू नका. माझ्या पोटात एक यंत्र आहे आणि ते चालू आहे. खालच्या पाण्यात एकही मासा नाही, तरी ते चालू आहे. का, ते ऐका.

माझ्या फळ्या पाइनच्या. मुरबाडच्या कारखान्यांत बाहेरदेशातून यंत्रं येतात, त्यांच्या खोक्यांना लावलेल्या. यंत्र आत गेलं की खोकं भंगारात जातं. मीही गेलो. भंगारवाल्याकडून मला संदेशनं मागवलं आणि घडवलं. त्याच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा शिल्लक आहे. फळी तो पायानं दाबून धरायचा आणि डाव्या हातानं करवत चालवायचा. करवत पहिल्यांदा वाकडी गेली. ती वाकडी कड माझ्या अंगावर अजून आहे.

हे घर टोकावड्यापासून आत, सिद्धगडाच्या अंगाला. घराचा मालक महिपत, संदेशचा बाप. भातशेती करणारा, कमी बोलणारा, कुणाचं ऐकून न घेणारा माणूस. त्याचा एकच देव मला दिसला, हत्यार. विळ्याला चिखल राहिला तर तो जेवायला बसत नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, घरातली सगळी हत्यारं धुवायची, पुजायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. हा नियम त्यानं कधी मोडला नाही.

मोडला संदेशनं. तेव्हा तो एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होता. नवमीच्या सकाळी तो डबा घेऊन निघाला तेव्हा बापानं दारात अडवलं.

"आज हत्याराला हात लावायचा नाय."

"बाबा, कंपनीत पूजा हाय. गेटावर नारळ फोडतात."

"नारळ फोडतात आन मशीन चालवतात. ही कसली पूजा?"

"मशीन बंद ठेवता येत नाय बाबा. माल द्यायचाय."

दुपारी फोन आला. प्रेसनं चार बोटं नेली होती.

हे सगळं मी या घरात ऐकलेलं. मी आलो नंतर. संदेशची आई जनाबाई जात्यायेत्या माणसाला हे सांगायची, म्हणून मला पाठ झालं. 'मी सांगितलं होतं' असं महिपत मात्र एका शब्दानं म्हणाला नाही. संदेश भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायचा. जेवणाचं ताट आलं तसं परत जायचं. जनाबाईनं घरातली दोरी आणि भातावर मारायचं औषध शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं. कुणी कारण विचारलं नाही.

टाकी आली ती गोजरमुळं. गोजर हा संदेशचा मित्र, रस्त्यावर त्याचा ढाबा. ढाब्यात शोभेला ठेवलेली काचेची टाकी शेवाळानं इतकी हिरवी झाली होती की आत मासे आहेत की भाजी, ते कळत नव्हतं. त्यानं ती टेम्पोत घालून आणली.

"टाकूनच द्यायची होती," गोजर म्हणाला. "आत चार एंजल मासे हायत. जगले तर तुझे, मेले तर मांजराचे."

महिपत म्हणाला, "मासे बघायचे असतात व्हय? मासे खायचे असतात."

पण दुसऱ्या दिवशी संदेश खाटेवरून उठला. काच पुसायला उठला, बाकी कशाला नाही. पुसली की काही दिवसांत पुन्हा हिरवी व्हायची. मग त्यानं मोबाइलवर बघून बघून माझी जुळणी काढली. शेवाळाला राहायला दुसरी, बरी जागा दिली तर ते टाकीत वाढत नाही. माशांच्या घाणीवर ते जगतं, म्हणून घाणही तेच खातं. हीच माझी विद्या.

माझ्या पोटात त्यानं प्लास्टिकची जाड जाळी उभी टांगली. करवतीच्या पात्यानं ओरबाडून ती खरखरीत केली, म्हणजे शेवाळ धरून राहील. वर पाइपला लांब चीर पाडली. खालून मोटार पाणी चढवते, ते चिरेतून पातळ पडद्यासारखं जाळीवरून उतरतं. जाळीसमोर दिवा. दिव्याचा उजेड बाहेर सांडू नये म्हणून मी, खोक्यासारखा, आतून पांढरा रंग दिलेला.

जाळी हळूहळू हिरवी झाली आणि टाकीची काच निवळली. आठवड्यातून एकदा संदेश मला उघडायचा, जुन्या चमच्यानं शेवाळ खरवडायचा आणि थोडी लव मुद्दाम ठेवायचा.

महिपतला ते सहन व्हायचं नाही. "अर्धवट काय खरवडतोस? नीट धू ना ती घाण."

"बाबा, ती घाण हाय म्हनून पानी साफ हाय."

"घाणीनं कधी काय साफ होतं?"

संदेश हसला. अपघातानंतर या घरात तो पहिल्यांदा हसला, असं जनाबाई गोजरला सांगत होती. सांगताना ती पदर तोंडाला लावून होती.

पुढे एंजलनी टाकीत उभ्या केलेल्या दगडी पाटीच्या तुकड्यावर अंडी घातली. नर आणि मादी दोघं पंखांनी वारा घालत अंड्यांपाशी उभी राहायची. पिल्लं वाढली, टाकी गच्च भरली. महिपत आता चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसू लागला. कुणी आलं की उठून जायचा.

गोजरनं एकदा पकडलंच. "काय महिपतकाका, फ्राय कधी करायचे?"

"हात लावशील तर बघ," महिपत म्हणाला.

मग पुन्हा नवमी आली. संदेशला त्या दिवशी घरात थांबायचं नव्हतं. कल्याणच्या एका दुकानदारानं पिल्लं बघायला मागितली होती. पाण्याच्या पिशव्यांत पिल्लं भरून तो सकाळच्या एसटीनं निघाला. रात्री बहिणीकडे, नेहाकडे राहणार होता. अपघातानंतर तो पहिल्यांदाच एकटा घराबाहेर पडत होता.

"आये, मोटार चालू ठेव," दारातून तो म्हणाला. "बाकी काय करू नको."

तो गेल्यावर महिपतनं हत्यारं काढली. नांगराचा फाळ, विळे, कोयता, कुऱ्हाड, जनाबाईची विळी. राख आणि काथ्यानं घासून सगळी लख्ख केली, पाटावर मांडली. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

जनाबाई म्हणाली, "अवो, त्यानं चालू ठेवायला सांगितलंय."

"गेल्या साली कंपनीवाले पण तेच सांगत होते. मशीन बंद ठेवता येत नाय."

"मासे हायत आत."

"लाइट जाते तेव्हा मरतात काय? एक दिस तर हाय. पोरगा ह्याच हत्यारावर उभा राहिलाय. ह्याला सोडून कोयत्याला पुजू?"

त्यानं बटण बंद केलं. मला उतरवलं, जाळी काढली आणि न्हाणीत नेऊन घासली. तो कुठलंही काम अर्धवट करत नाही. जाळीवर हिरवा ठिपका राहू दिला नाही. माझ्या फळ्यांना खोबरेल तेल लावलं. मला पाटावर कोयत्याशेजारी ठेवून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. खोटं बोलणार नाही, मला मान वाटला. भंगारातून आलेलं लाकूड मी.

जनाबाई चुलीकडे गेली होती. महिपत हात जोडून माझ्यासमोर बसला आणि हलक्या आवाजात बोलला.

"एक हात नेलात. आमचं चुकलं, त्या दिवशी तुमाला राबवलं. आता ह्याचा दुसरा हात सांभाळा."

दिवस कलला तसे मासे वर येऊन पाण्याला तोंड लावू लागले. टाकी भरलेली, पाणी हलत नव्हतं. त्यांना श्वास पुरत नव्हता. मला पाटावरून सगळं दिसत होतं.

जनाबाईनं हाक मारली. "अवो, तोंडं वर काढतात बघा."

महिपत आला, टाकीत डोकावला. "सणाचं मागतात," तो म्हणाला. "आज कुणी उपाशी नको." नैवेद्याच्या भाताची मूठ त्यानं पाण्यात सोडली. पाणी आणखी गढूळ झालं.

दसऱ्याला उजाडताच त्यानं मला उचलून टाकीवर बसवलं आणि बटण दाबलं. पाणी पांढऱ्या जाळीवरून उतरू लागलं. खाली सगळे मासे आडवे तरंगत होते. महिपतनं बाही वर सारली आणि एकेक मासा हातानं काढून परातीत ठेवला. पाटीपाशी राहणारी जोडी त्यानं शेवटी काढली.

"लाइट गेली होती, असं सांगू," जनाबाई म्हणाली.

"खोटं सांगायचं नाय."

संदेश दुपारी आला. अंगणातूनच बोलत आला. "बाबा, सगळी घेतली. अजून आना म्हनला." उंबऱ्यात तो थांबला. परात तिथंच होती.

"मोटार कोनी बंद केली?"

"मी."

"का?"

महिपतनं पोराच्या हाताकडे बघितलं. मग तो म्हणाला, "सण होता."

संदेशनं रिकाम्या पिशव्या खुंटीला अडकवल्या, खाटेवर गेला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोरी आणि औषध पुन्हा शेजाऱ्यांकडे गेलं.

तेव्हापासून महिपत रोज सकाळी माझं बटण तपासतो. जनाबाई म्हणते, रिकाम्या पाण्याला कशाला चालवता? तो बटण पुन्हा एकदा बघतो. उरलेल्या गाळावर जाळी पुन्हा हिरवी झाली, दाट झाली. आता ती वेळेत खरवडली नाही तर शेवाळ सुटून खाली पडेल आणि सडेल. महिपतनं चमचा दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. त्याची हिंमत होत नाही.

काल तो खाटेपाशी बसला होता. "जाळी भरली रे. कितपत ठेवायची आन कितपत काढायची, मला समजत नाय." संदेशची पाठ हलली नाही.

पाटासमोर तो जे बोलला, ते जनाबाईनं ऐकलं नाही. संदेशला कुणी सांगितलं नाही आणि महिपत मरेपर्यंत सांगणार नाही. मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही. तुम्ही कधी टोकावड्याच्या बाजूला आलात तर या घरी या. चहा होईल. खाटेवरच्या माणसापाशी बसा आणि बापानं माझ्याकडे काय मागितलं, ते त्याला सांगा. मग म्हणावं, ऊठ, जाळी भरलीय.